जमिनीखाली लपवलेला पाऊस

इसवी सन पूर्व ३१२ मध्ये अँटिगोनसने, म्हणजे अलेक्झांडरच्या मागे त्याचं राज्य वाटून घेणाऱ्या सेनापतींपैकी एकाने, आज जिथे जॉर्डन आहे तिथल्या वाळवंटात फौज पाठवली, ४००० पायदळ आणि ६०० घोडेस्वार. कुणावर पाठवली, तर नबातियन नावाच्या अरब टोळ्यांवर. उंट-मेंढ्या पाळणारी माणसं, दक्षिण अरबस्तानातून येणारा धूप आणि हिराबोळ भूमध्य समुद्राकडे पोचवून त्यावर श्रीमंत झालेली, आणि सगळी मिळून फार तर दहा हजारांच्या वर थोडी. फौजेने डाव चांगला साधला, पुरुष मंडळी कुठल्याशा बाजाराला गेलेली असताना रात्री त्यांच्या कड्यावर हल्ला केला, धूप आणि चांदी लुटली आणि परत निघाली. नबातियन लोकांना कळल्यावर त्यांनी पाठलाग करून तळ गाठला आणि रात्रीच कापाकापी केली, घोडेस्वारांपैकी पन्नासेक वाचले, पायदळातलं कुणीच नाही. मग अँटिगोनसने आपल्या मुलाला, देमेत्रियसला, आणखी मोठी फौज देऊन पाठवलं. यावेळी नबातियन सावध होते, त्यांनी आपले कळप वाटून वाळवंटात आत आत नेले आणि दिसेनासे झाले. देमेत्रियस काही भेटवस्तू घेऊन परत गेला.

ही गोष्ट डायोडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, त्या मोहिमेच्या काळातल्या एका माणसाच्या लिखाणावरून. पण मला लढाईपेक्षा त्याने मधेच सांगून टाकलेली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे लोक पळून जाऊ शकत होते कारण त्यांचं पाणी जमिनीखाली लपवलेलं होतं. मातीत किंवा मऊ दगडात ते टाकी खोदायचे, तोंड अगदी लहान ठेवायचे आणि खाली जाता जाता रुंद करत न्यायचे, इतकं की तळाशी एकेक बाजू साधारण शंभर फूट व्हायची असं तो म्हणतो. आतून गिलावा. पावसाचं पाणी आत भरून घेतलं की तोंड बुजवून जमिनीच्या लेव्हलला आणायचं आणि वर एखादी खूण ठेवायची, जी फक्त त्यांना ओळखता येईल. जनावरांना एक दिवसाआड पाणी पाजायची सवय लावलेली, म्हणजे पळायची वेळ आली तर रोजच्या पाण्यावाचून ती अडायची नाहीत.

शंभर फुटांचं माप कदाचित थोडं फुगलेलं असेल. पण तोंड लहान आणि पोट मोठं हे डिझाइन किती विचार करून केलेलं आहे बघा. त्या भागात उघड्यावर ठेवलेलं पाणी वर्षाला दोन मीटरच्या आसपास उडून जाऊ शकतं, म्हणजे पुरुषभर उंचीचं तळं पावसाळ्यानंतर नुसत्या उन्हाने संपेल. लहान तोंडातून ऊन जात नाही, वारा जात नाही, वाळू जात नाही, शेळीचं पिल्लू पडत नाही आणि शत्रूलाही दिसत नाही. एकाच गोष्टीने पाच कामं.

मी वाढले माणदेशात, त्यामुळे पाण्याची कुठलीही गोष्ट वाचताना माझं डोकं आधी आकडे मागतं. आमच्याकडे वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो आणि त्याला आम्ही दुष्काळी भाग म्हणतो, मे महिन्यात टँकर येतो, बायका रांगेत हंडे लावून बसतात, लहानपणी त्या रांगेत मीही बसलेली आहे. पेट्राला, जी पुढे नबातियन लोकांची राजधानी झाली, पाऊस आहे १५० ते २०० मिलिमीटर. तोही थंडीतल्या मोजक्या सरींमध्ये, आणि एखाद्या वर्षी त्यातलाही निम्मा. आणि तिथे भरभराटीच्या काळात वीस-तीस हजार माणसं राहत असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे! हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो परत परत तपासला. माझ्या मनात पाऊस आणि वस्ती यांचं जे गणित लहानपणापासून बसलेलं होतं त्यात हे बसत नव्हतं.

म्हणून पेट्राला जायचंच होतं. तिथे आत जायची वाट म्हणजे सीक, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधे अरुंद घळ, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरलेली दोन माणसं शेजारी उभी राहिली की संपली. आमच्या ग्रुपमधले सगळे पुढे पुढे पळत होते कारण शेवटी 'खजिना' नावाचा तो प्रसिद्ध दर्शनी भाग दिसतो, गुलाबी दगडात कोरलेला, सगळ्या फोटोंमध्ये असतो तो. मी मात्र भिंतींना चिकटून चालत होते. कारण दोन्ही भिंतींमध्ये पन्हळी कोरलेल्या आहेत, अगदी हाताला लागतील अशा, आणि घळ वळेल तशा त्याही वळत जातात. एका बाजूच्या खोबणीत खापरी नळ बसवलेले होते, भाजलेल्या मातीचे, एकात एक अडकवून सांधे चुन्याने भरलेले, त्याचे तुकडे अजून काही जागी शाबूत आहेत. दुसऱ्या बाजूला दगडातच कोरलेला पाट. मधे मधे छोटी कुंडं, जिथे पाणी थोडं थबकून गाळ खाली बसावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पिताही यावं. हे पाणी यायचं ऐन मुसा नावाच्या झऱ्यावरून, शहराच्या बाहेरच्या डोंगरातून.

उतार बघायला मी बराच वेळ खाली वाकून डोळा लावून बघत होते. इतका हलका आहे की डोळ्याला जवळजवळ कळत नाही. हे किती अवघड काम आहे हे ज्याने शेतात पाट काढलाय त्यालाच कळेल. उतार जास्त झाला तर पाणी जोरात येऊन सांधे उखडतं, कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबतो, आणि इथे तर सव्वा किलोमीटर वाकडीतिकडी कड्याची भिंत, जिथे चूक झाली तर माती भरून दुरुस्त करता येत नाही, दगड एकदा कापला की कापला.

खजिन्यासमोर पोचल्यावर आमच्या गाइडने वर बोट दाखवलं, आणि त्यासाठी मी त्या माणसाची कायमची ऋणी आहे. पेट्रातल्या अनेक कोरीव दर्शनी भागांच्या वर, कड्याच्या माथ्याजवळ, आडवे चर कोरलेले आहेत. कड्यावरून पावसाचं पाणी ओघळून कोरीवकामावर येऊ नये म्हणून ते बाजूला वळवलेलं आहे, आणि जिथे जमलं तिथे टाक्यात नेऊन सोडलेलं आहे. दोन हजार वर्षांनी ते खांब आणि ती फुलं-पानं अजून उठून दिसतात त्यामागे हे चर आहेत. त्या शहरात कुठेही उभं राहून आजूबाजूला नीट बघितलं की कळतं की दगडाचा प्रत्येक उतार कुणीतरी वाचलेला आहे, हे पाणी कुठून येईल, कुठे जाईल, वाटेत कुठे अडवता येईल. पायऱ्यांच्या कडेने बारीक पन्हळ, घरामागे टाकं, टाक्याच्या तोंडाशी गाळ बसायला खळगा.

आता मजेची गोष्ट अशी की डायोडोरस ज्या नबातियन लोकांबद्दल सांगतो त्यांच्यात धान्य पेरायला, फळझाडं लावायला, दारू प्यायला आणि घर बांधायला बंदी होती. मोडली तर मृत्युदंड! कारण सरळ होतं, ज्याच्याकडे घर आणि शेत आहे त्याला ताकदवान माणूस धमकी देऊन वाकवू शकतो, ज्याच्याकडे फक्त उंट आणि लपवलेलं पाणी आहे त्याला नाही. आणि याच लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी तीनेकशे वर्षांत पेट्रासारखं शहर उभं केलं, जवळच्या बैदा भागात द्राक्षं पिळायची कुंडं कोरली, आणि ऐन शहराच्या मधोमध एक पोहायचा तलाव बांधला. हा तलाव तर फारच उशिरा कळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नकाशात ती जागा बाजार म्हणून दाखवलेली होती, १९९८ मध्ये ली-ॲन बेडाल या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी तिथे खोदलं तेव्हा निघाला साधारण ४३ मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल तलाव, मधे बेटावर मंडप, आणि समोर बाग.

काही लोकांना हा तलाव वाचून राग येतो, वाळवंटात एवढी उधळपट्टी कशाला असं वाटतं. मला तसं वाटत नाही. धूप-मसाल्याचे तांडे महिनोन् महिने रखरखीत रस्त्याने चालून येणार, व्यापारी येणार, परदेशी दूत येणार, आणि त्यांना घळीतून बाहेर आल्यावर काही वेळाने झाडं आणि उघडं पाणी दिसणार. यापेक्षा मोठं "आम्ही इथे टिकून आहोत, आमच्याशी करार करा" हे सांगणं दुसरं काय असू शकतं? शिवाय त्या सगळ्या रस्त्याचा मालक तोच ज्याला पाणी कुठे आहे ते माहीत आहे. आधी ती माहिती लपवून ते वाचले, नंतर तीच उघड मांडून श्रीमंत झाले.

आणि हे जग आपल्यापासून वाटतं तितकं लांब नव्हतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली, 'पेरिप्लस' म्हणून आपण इतिहासात वाचलेली असते. त्यात तांबड्या समुद्राकाठचं ल्यूके कोमे बंदर येतं, तिथून पेट्राकडे, नबातियन राजा मालिखसकडे जाणारा रस्ता येतो, आणि त्याच लिखाणात पुढे सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर येतात. म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यात पेट्रा आणि पैठण एका व्यापाराचे दोन भाग होते. आपल्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्याशेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी ज्यांनी बघितली आहेत, त्यांना पेट्रातली टाकी बघून एकदम ओळखीचं वाटेल. सह्याद्रीत पाऊस धो धो, तरी घाट चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला उन्हाळ्यात पाणी तिथेच हवं असतं. व्यापाराच्या वाटेवर पाणी ठेवणं ही त्या काळातली सगळ्यात मोठी सोय, इकडेही आणि तिकडेही.

पेट्राच्या दक्षिणेला हुमैमा म्हणून जागा आहे. तिथे मला जाता आलं नाही पण त्याबद्दल भरपूर वाचलं, कारण जॉन ओलेसन नावाच्या अभ्यासकाने तिथलं पाणी या एकाच विषयावर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. पाऊस ८० मिलिमीटरच्या आसपास. इथे नबातियन लोकांनी गाव वसवलं आणि त्यासाठी वरच्या डोंगरातल्या झऱ्यांपासून दगडी पाट आणला, फाट्यासकट लांबी साडेसव्वीस किलोमीटर, पंप नाही, उपसा नाही, फक्त उतार. पण मला जास्त आवडतं ते पुढचं. एवढा पाट आणूनही गावाने त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. घरांना आपापली टाकी, गावाच्या मध्यभागी मोठी सार्वजनिक टाकी, आणि ही सगळी पावसाच्या ओघळाची. टाक्यावर छप्पर टाकायचं तर लांब लाकूड वाळवंटात कुठून आणणार, म्हणून त्यांनी टाक्याच्या आत ओळीने दगडी कमानी उभ्या केल्या आणि त्या कमानींवर दगडी फरशा टाकल्या. झाकलेलं पाणी थंड राहतं, शेवाळ कमी धरतं, उडत नाही. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने नबातियन राज्य खालसा केलं, हुमैमाला रोमन फौजेचा किल्ला आला आणि त्यांनी पाटाचं पाणी किल्ल्यातल्या हौदात घेतलं. राज्य बदललं तरी पाणी द्यायची व्यवस्था जुनीच राहिली.

पण माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलीला खरं वेड लावलं ते नेगेवच्या शेतांनी. नेगेव म्हणजे आजच्या इस्राएलचा दक्षिण भाग, नबातियन तांड्यांचा गाझाकडे जायचा रस्ता तिथून जायचा. अवदात, शिवता, नेसाना, एलुसा अशी गावं त्या वाटेवर वाढली, आणि नबातियन काळात सुरू झालेली ही वस्ती पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात, चौथ्या ते सातव्या शतकात, सगळ्यात भरात आली. पाऊस १०० मिलिमीटर, कधी त्याहून कमी. आणि तरी ओढ्यांच्या तळात किलोमीटरच्या किलोमीटर शेतं, दगडी ताली घातलेली, द्राक्षं, अंजीर, ऑलिव्ह, गहू, बार्ली.

हे कसं जमलं हे कागदावर वाचून कुणी मानायला तयार नव्हतं, म्हणून १९५०च्या दशकाच्या शेवटी मायकेल एव्हेनारी हे वनस्पतीशास्त्रज्ञ, लेस्ली शानन आणि नफ्ताली तादमोर यांनी शिवता आणि अवदातची जुनी शेतं डागडुजी करून परत कसायला घेतली. बाहेरून पाणी आणायचं नाही, जुन्या लोकांकडे होतं तेवढंच वापरायचं. बदाम, जर्दाळू, पीच, पिस्ता लावला आणि झाडं जगली, फळली.

गणित असं आहे. तिथली माती बारीक लोएस, वाऱ्याने आणलेली. पावसाचे पहिले थेंब पडले की तिच्यावर दुधावर साय धरावी तसा पातळ थर धरतो आणि पुढचं पाणी मुरायचं थांबतं, उतारावरून वाहायला लागतं. म्हणजे जमीन पाणी पीत नाही हा दोषच त्यांनी भांडवल म्हणून वापरला. एक एकर शेताला वीस-एक एकर डोंगरउतार जोडलेला असायचा, ते पाणलोट क्षेत्र त्या शेताचं स्वतःचं, सातबाऱ्यावर नोंद असावी इतकं पक्कं, त्यावर दगडांच्या रांगांचे चर काढून पाणी थेट शेतात. समजा १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि उतारावरून त्यातला १५ टक्के वाहून आला, तर वीसपट क्षेत्रावरून शेताला मिळाले ३०० मिलिमीटर, आणि शेतावर थेट पडलेले १०० धरून झाले ४००. हे मी वहीवर मांडलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. ४०० म्हणजे जवळपास आमचा माणदेश! वाळवंटाच्या मधोमध त्यांनी हाताने माणदेश तयार केला होता, फक्त शेतापुरता, बाकी सगळा डोंगर कोरडा ठेवून.

अजून एक गोष्ट एव्हेनारी आणि त्यांच्या साथीदारांना प्रयोगातून मोजता आली, जी जुन्या शेतकऱ्यांना अनुभवाने माहीत असणार. लहान पाणलोटातून टक्केवारीने जास्त पाणी मिळतं. पाण्याला जेवढं लांब जावं लागेल तेवढं ते वाटेत वाळूत, दगडांच्या फटीत, खोल ओढ्यात मुरतं. मोठ्या खोऱ्यात पडलेल्या पावसातलं फारच थोडं खालपर्यंत पोचतं, तेही पूर होऊन अंगावर येतं. छोट्या उतारावरचं पाणी मात्र हलक्या पावसातही येतं आणि बांधाला झेपेल एवढंच येतं. म्हणून शेकडो लहान शेतं, प्रत्येकाचा आपला उतार, आपला चर, आपली ताल, तालीला सांडवा, सांडव्यातून उरलेलं पाणी खालच्या वावरात.

उतारांवर दगडगोट्यांचे हजारो ढीग ओळीने लावलेले दिसतात, त्यांना तिथले भटके बदू लोक द्राक्षांचे ढीग म्हणायचे. ते कशासाठी यावर बरीच वादावादी झाली. कुणी म्हणालं वेली त्यावर चढवायचे, एव्हेनारी वगैरेंनी करून दाखवलं की उतार दगडांपासून मोकळा केला की ओघळ वाढतो, आणि येहुदा केदार यांचं म्हणणं की माती सुटून खाली शेतात यावी म्हणून दगड वेचले. मला शेवटची दोन कारणं एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. पाण्याबरोबर मातीही येतेच. तालीमागे गाळ साठत गेला, वावर वर वर आलं, मग ताल उंच करावी लागली, मग सांडवा उंच, मग चर उंच. म्हणजे हे बांधकाम कधी पूर्ण होतच नव्हतं, दर पिढीला त्यावर दगडाचे थर चढवावे लागायचे.

नेसानाला १९३०च्या दशकात पपायरसचे कागद सापडले, सहाव्या-सातव्या शतकातले, त्यात पिकाचा हिशोब आहे. पेरलेल्या गव्हाच्या सातपट आणि बार्लीच्या आठपट निघाल्याचं त्यावरून दिसतं. १०० मिलिमीटरच्या वाळवंटात. माझ्या आजोबांनी हे वाचलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, तालीचं काम कोण करत होतं, गडी की घरची माणसं.

त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शिवतामध्ये आहे. शिवता हे काही मोठं शहर नाही, दगडी घरांचं दाट गाव, तीन चर्च, आणि गावाच्या मध्यभागी दोन मोठे सार्वजनिक हौद. गल्ल्यांचा उतार असा की छपरांवरचं आणि रस्त्यावरचं पाणी त्या हौदात यावं. असा हौद दरवर्षी गाळाने भरणार हे उघड आहे, तो उपसायचा कुणी? तर तिथे खापराचे तुकडे सापडले, त्यावर ग्रीकमध्ये शाईने लिहिलेलं, आणि १९३६ मध्ये ते वाचून प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं की त्या पावत्या आहेत. अमक्याने हौदाच्या कामाची आपली पाळी केली, बस. गावातल्या माणसाला ठरलेलं काम करावं लागायचं आणि ते झालं की फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर लिहून मिळायचं.

नबातियन पाण्याबद्दल मी जे काही वाचलं त्यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट हीच आहे. खजिन्याच्या खांबांपेक्षा, तलावापेक्षा आणि साडेसव्वीस किलोमीटरच्या पाटापेक्षाही. कारण बांधणं एकदा होतं, त्याचं उद्घाटन होतं, राजाचं नाव लागतं. गाळ काढणं दरवर्षी असतं आणि त्याला नाव लागत नाही, इथे मात्र लागलेलं आहे, खापरावर का होईना. आमच्या गावात सरकारी योजनेतून झालेला एक बंधारा आहे, चांगला पक्का, भिंत अजून शाबूत आहे, पण आत गाळ इतका की जानेवारीतच कोरडा पडतो. तो कुणी उपसायचा हे कधी ठरलंच नाही. योजनेच्या फाइलमध्ये सिमेंटच्या गोण्या मोजलेल्या असतील, पण पुढच्या वीस वर्षांतली पाळी कुणाची, याची ओळ त्यात नव्हती. वाळवंटातल्या एका खेडेगावाने पंधराशे वर्षांपूर्वी ती ओळ लिहिली होती. मला हे फार लागतं, आणि यात कुणा एका माणसाला दोष देऊन सुटका होत नाही हेही कळतं.

मग हे सगळं संपलं कशाने? पेट्राला ३६३ मध्ये भूकंप झाला, नळ-पाट-टाक्यांचं बरंच नुकसान झालं, आणि धुपाचा व्यापार तोपर्यंत समुद्रमार्गे वळलेलाच होता, त्यामुळे सगळं परत नीट करायला लागणारा पैसा आणि कारण दोन्ही कमी झालेलं होतं. तरी सहाव्या शतकात तिथे माणसं राहत होती, चर्चमध्ये १९९३ मध्ये सापडलेल्या पपायरसच्या जळक्या गुंडाळ्यांमध्ये त्यांच्या जमिनी, वारसे आणि भांडणं आहेत. नेगेवचं जरा वेगळं आहे. आधी सोपं उत्तर दिलं जायचं की सातव्या शतकातल्या अरब विजयानंतर गावं उजाड झाली, किंवा पाऊस आटला. आता एलुसाच्या उकिरड्यांचा अभ्यास झालाय, तिथे गावचा कचरा नेऊन टाकायची व्यवस्था सहाव्या शतकाच्या मध्यातच बंद पडलेली दिसते, म्हणजे विजयाच्या साधारण शंभर वर्षं आधी. आणि त्या उकिरड्यांतल्या द्राक्षाच्या बिया मोजल्या तर कळतं की द्राक्षं आधी वाढत वाढत गेली आणि मग याच सुमाराला एकदम घसरली. नेगेवची दारू गाझा बंदरातून लांब लांब जायची. त्या काळात बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या राज्यात प्लेग आला, हवामानही थंडावलं होतं, दूरची गिऱ्हाइकं तुटली.

यातून मला जे दिसतं ते असं, की पाणी तेवढंच होतं. पाऊस पडत होता, उतार तसाच होता, सायही तशीच धरत होती. फक्त ताल उंच करायला आणि हौद उपसायला माणसाला जे कारण लागतं, पिकाला भाव, गावात पुढची पिढी, पाळी केल्याची पावती देणारा कुणीतरी, ते कारण गेलं. आणि दगडाची ताल माणूस गेल्यावर फार वर्षं थांबत नाही, एक दगड निसटला की त्या फटीतून पाणी जातं, पुढच्या पावसात तिथे ओघळ पडते.

पेट्रामध्ये याचा परिणाम माणसांच्या जीवावर आला. सीकच्या तोंडाशी नबातियन लोकांनी बंधारा घालून मुसाच्या ओढ्याचं पुराचं पाणी बाजूला वळवलं होतं, त्यासाठी डोंगरातून जवळपास ८८ मीटरचा बोगदा कोरला होता, जो आजही आहे आणि त्यातून चालत जाता येतं. म्हणजे पिण्याचं पाणी भिंतीतल्या नळातून शहरात आणि पुराचं पाणी शहराला वळसा घालून, दोन्हींची सोय एकाच जागी. तो बंधारा कधीतरी ढासळला आणि गाळात बुडाला. १९६३च्या एप्रिलमध्ये डोंगरात पाऊस झाला, पाण्याचा लोंढा थेट सीकमध्ये घुसला आणि आत असलेली वीसपेक्षा जास्त माणसं वाहून गेली, बहुतेक फ्रेंच पर्यटक. त्या अरुंद घळीत बाजूला व्हायला जागाच नसते, मी तिथे उभी असताना वर बघून हाच विचार करत होते. त्यानंतर नवा बंधारा घातला, आणि तो घातला जुन्याच जागेवर, जुन्याच बोगद्याकडे पाणी वळवणारा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी निवडलेली जागा बदलायचं कारण आजच्या इंजिनिअरांनाही दिसलं नाही.

पण तेवढ्याने भागत नाही. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये परत पूर आला आणि पेट्रातून हजारो पर्यटकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं. कारण नबातियन लोकांनी सगळा भार कधीच त्या एका बंधाऱ्यावर टाकलेला नव्हता. सीकमध्ये बाजूने उतरणाऱ्या प्रत्येक छोट्या घळीला त्यांचा आडवा बांध होता, आणि वर डोंगरात, जिथे पर्यटक जात नाहीत, उतारांवर तालीच ताली होत्या, ज्या पाणी थोडं थोडं धरून ठेवायच्या आणि मातीही. त्या आता बऱ्याचशा मोडल्या आहेत. अभ्यासक कित्येक वर्षं सांगताहेत की पेट्राला पुरापासून वाचवायचं तर वरच्या ताली आणि बाजूच्या घळींचे बांध परत उभे केले पाहिजेत, आणि काही ठिकाणी ते काम झालंही आहे. त्याला मोठी मशीन लागत नाहीत. दगड तिथेच घरंगळून पडलेले आहेत, ते उचलून परत रचायचे, आणि पुढच्या थंडीत पाऊस झाला की जाऊन बघायचं कुठला निसटला.